रसवंतीच्या घुंगरांचा पाच मिनिटांचा ध्वनिपट: फोनवर केलेल्या एका क्लास प्रोजेक्टची कृती

सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर लिहिलं: पाच मिनिटांचा ध्वनिपट, चित्र नाही, सोबत प्रक्रियेची वही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, चित्र नाही म्हणजे मागे एखादा फोटो पण नाही?" नाही. फोटोही नाही.

मी बार्शीची. पुण्यात मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉट बेसिसवर तिघींत एक खोली आहे. माझ्याकडे तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन, मैत्रिणीचा लॅपटॉप आणि नऊशे रुपयांचा कॉलर माइक एवढंच सामान होतं. त्यात काय जमलं, आणि जमण्याआधी काय काय फसलं, ते क्रमाने लिहितेय. पुढच्या सत्रात ज्यांच्या गळ्यात हेच काम पडणार आहे त्यांनी निदान माझ्या चुका परत करू नयेत. नव्या कराव्यात.

पायरी १: विषय एका वाक्यात बसेपर्यंत कापा

माझा पहिला प्रस्ताव होता 'पुण्याचे आवाज'. यादी पण भारी केली होती: सिग्नलवरचे हॉर्न, सारसबागेतली आरती, मंडईतला कोलाहल, तुळशीबागेतली घासाघीस. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "कुठल्या चौकातलं पुणं? किती वाजताचं? कोणाच्या कानाने?" तिन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग चाचणी अशी ठरली: एक जागा, एक माणूस, एक आवाज आणि एक प्रश्न, हे सगळं एका वाक्यात यायला हवं. माझं वाक्य झालं, 'कॉलेजमागच्या गल्लीतल्या रसवंतीवाल्या मामांच्या चरकाला घुंगरू का बांधलंय?' प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला मामांना स्वतःबद्दल बोलावंच लागतं. 'रसवंती व्यवसायासमोरील आव्हाने' असा विषय घेतला असता तर त्यांनी मला बर्फाचा दर सांगितला असता आणि मी तो लिहून घेतला असता.

हा विषय सुचला तो मात्र विचार करून नाही. माझ्या वहीत फेब्रुवारीतली एक नोंद होती: 'आज दुपारी घुंगरू ऐकलं आणि एकदम बार्शीच्या एसटी स्टँडवर. आबा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, मला दहा रुपये द्यायचे, आणि रस संपायच्या आत कंडक्टर डबल बेल देणार की काय या भीतीने मी तो कधीच चवीने प्यायले नाही.' ही नोंद लिहिली तेव्हा तिचा प्रोजेक्टशी काही संबंध नव्हता. विषय शोधायचा असेल तर आधी स्वतःची जुनी वही चाळा, इंटरनेट नंतर.

पायरी २: तीन दिवस फोन खिशात

रेकॉर्डिंगला जायच्या आधी तीन वेगवेगळ्या वेळी त्या जागी वीस-वीस मिनिटं नुसतं बसायचं. मी सकाळी अकरा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा वेळा धरल्या. वहीत तीन रकाने आखले: वेळ, आवाज, जवळचा की लांबचा. पहिल्या दिवशी पाच आवाज सापडले, तिसऱ्या दिवशी एकवीस.

नुसता 'चरकाचा आवाज' असं काही नसतं, हे तेव्हा कळलं. मोळी जमिनीवर टाकली की दणका वेगळा, कोयत्याने कांडं तासताना खरखर वेगळी. ऊस पहिल्यांदा चरकात शिरतो तेव्हा मोटरचा सूर दबतो, ऊस पार झाला की परत वर येतो. मग चिपाड दुमडून, मध्ये आलं आणि लिंबू ठेवून दुसऱ्यांदा घालतात, तेव्हा तोच आवाज ओला होतो. त्यानंतर बर्फ फोडणं, गाळणी भांड्यावर आपटणं, ग्लास बादलीत बुचकळणं. आणि या सगळ्यावर, अमुक रुपये मिळाले असं ओरडून सांगणारा तो पैशांचा डबा. बार्शीच्या आठवणीत तो नव्हता.

या यादीला शिस्त लावायला कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांची विभागणी कामी आली. त्यांनी परिसरातल्या आवाजांचे प्रकार पाडले होते. मी त्यांना माझ्या सोयीने मराठी नावं दिली. पायाचा आवाज, जो सतत असतो म्हणून ऐकू येत नाही: मोटरची घरघर. हाकेचा आवाज, जो लक्ष वेधतो: "दोन हाफ, एक फुल, बिनबर्फ!" आणि खुणेचा आवाज, जो त्या जागेची ओळख असतो: घुंगरू. तुमच्या जागेचे हे तीन आवाज सापडले नाहीत तर जागा बदला. उगाच रेटू नका.

वेळही याच तीन दिवसांत ठरते. सहा वाजता गल्लीत दुचाक्यांची झुंबड असते, घुंगरू हॉर्नखाली गाडलं जातं. दोन वाजता ऊन असतं, रस्ता रिकामा, पण रसवंतीवर गर्दी. म्हणून चरकाचे आवाज दुपारी दोनला आणि मामांशी बोलणं सकाळी साडेदहाला, गिऱ्हाईक नसताना.

वही कशी ठेवायची

ही वेगळी पायरी नाही, ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चालते. मी डावं पान कामाला दिलं आणि उजवं मनातल्या गोष्टींना. डावीकडे फाइलचं नाव, वेळ, काय बिघडलं. उजवीकडे काहीही: मामांचा राग आला तर तो, रूममेटशी भांडण झालं तर ते. मार्क डाव्या पानाला असतील, असं मला वाटायचं. ध्वनिपटातलं माझं निवेदन जवळजवळ सगळं उजव्या पानांतून आलं.

एकच सूचना: शेवटच्या रात्री बसून अख्खी वही लिहू नका. पहिल्या वर्षी मी ते केलं होतं, तीन वेगवेगळ्या पेनांनी. मॅडमनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "महाशिवरात्रीला कॉलेज बंद होतं. तू स्टुडिओत कशी होतीस?"

पायरी ३: फोनला गप्प करा

आधी विमान मोड, आणि गजर बंद. विमान मोडमध्येही गजर वाजतो, हे मला मुलाखतीच्या मध्यावर समजलं.

मग रेकॉर्डिंगचं ॲप. फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपमध्ये वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता जशाचा तसा ठेवणारी फाइल मिळत नसेल तर मिळणारं दुसरं घ्या. ४८ किलोहर्ट्झ, मिळालं तर २४ बिट, आणि मोनो. या मापात मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जातात, म्हणजे तासाला अर्धा जीबी. जुने गुड मॉर्निंग उडवले की सहज बसतं. आयफोनवाल्यांनी व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लॉसलेस' निवडावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट आपोआप पुसण्याची सोय, दोन्ही बंद करा. या सोयी फोनवर बोलण्यासाठी आहेत. शांतता आली की फोनला वाटतं काही ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज ओढून मोठा करतो. मग घुंगरू वाजलं की दचकून दाबतो. ऐकताना सगळी रसवंती दमेकऱ्यासारखी श्वास घेते. माझ्या पहिल्या दिवसाची सगळी टेक यात गेली आणि ती दुरुस्त होत नाहीत.

पातळी हाताने लावता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. शून्याला टेकला की फुटला, आणि फुटलेला आवाज सांधता येत नाही. घुंगरू फसवं असतं. कानाला नाजूक वाटतं, पण त्याचा टोकदार ठोका मीटरला मोटरपेक्षा जोरात लागतो.

बहुतेक फोनचा मुख्य माइक बुडाशी, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो, म्हणजे नेमका जिथे आपण तळवा ठेवतो तिथे. फोन हातात धरूच नका. टेबलावरही ठेवू नका, मोटरची थरथर टेबलातून वर येते. स्टुलावर घडी घातलेला नॅपकिन, त्यावर फोन. वाऱ्यासाठी माइकला स्पंज लावा. स्पंज हरवला असेल तर जाडसर धुतलेला मोजाही चालतो. धुतलेला हे मामांच्या तोंडासमोर धरायचं असल्यामुळे सांगितलं.

कॉलर माइक असेल तर प्रत्येक वेळी खाजवून बघा: रेकॉर्डिंग चालू करून आधी माइकवर नख घासा, मग फोनच्या बुडावर, आणि लगेच ऐका. कशाचा आवाज मोठा आला, तो माइक चालू. माझ्या फोनच्या जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत गेलीच नव्हती. मामांच्या शर्टाला माइक ऐटीत लावलेला, आणि चाळीस मिनिटं आवाज धरत होता तो स्टुलावरचा फोन. त्यात सर्वांत स्पष्ट आवाज माझ्या पेनाच्या टिकटिकीचा होता.

पायरी ४: एकच आवाज चार वेळा

प्रत्येक महत्त्वाचा आवाज लांबून, जवळून आणि अगदी जवळून असा घ्यायचा, आणि चौथी टेक त्या जागेच्या शांततेची. दरवेळी किमान दोन मिनिटं, न हलता. दोन मिनिटं फार वाटतात, पण संपादनाला बसल्यावर वीस सेकंदांचे तुकडे कुठल्याच कामाचे नसतात. सुरुवातीला तोंडाने सांगा, "चरक, जवळून, दुपारी दोन वाजून दहा." नाहीतर रात्री 'रेकॉर्डिंग ०१७' आणि 'रेकॉर्डिंग ०१८' यांत काय फरक होता हे शोधत बसाल.

अंतर हे तुमचं खरं बटण आहे. उघड्यावर माइक दुप्पट लांब नेला की मूळ आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र तसाच राहतो. म्हणून बोलणाऱ्या माणसासाठी वीतभर अंतर, हनुवटीच्या जरा खाली. घुंगरासाठी हातभर, आणि समोरून नाही तर तिरकं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे. ओढणी, मोकळे केस आणि माइकची ती सहा मीटर लांब वायर, तिन्ही चरकापासून दूर. अगदी जवळची टेक घेताना मामांनी स्वतः फोन धरला आणि मला दोन पावलं मागे उभं केलं. ते बरोबर होते.

शांततेची टेक म्हणजे काय, ते मला आधी कळलं नव्हतं. मोटर चालू पण कोणी बोलत नाही, असं एक मिनिट. मोटर बंद आणि नुसती गल्ली, असं एक मिनिट. बोलण्यातलं वाक्य कापलं की मागचा आवाजही कापला जातो आणि तिथे भोक पडतं. ते बुजवायला हीच टेक लागते. दुकानात रेडिओ चालू असेल तर तेवढ्यापुरता बंद करायची विनंती करा. मागे गाणं असलं की कुठलाही सांधा लपत नाही, आणि गाण्याच्या हक्कांचं लचांड वेगळंच.

पायरी ५: मामांना बोलतं करणं

पहिले दोन दिवस मी फक्त रस प्यायले. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"मामा, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? कॉलेजचं काम आहे."

"टीव्हीत येणार का?"

"नाही, नुसता आवाज. वर्गात ऐकवणार."

"फोटू नाही ना? मग बरंय. दाढी केली नाही आज."

परवानगी म्हणजे नुसता होकार नाही. काय करतोय, कोण ऐकणार, पुढे कुठे टाकणार का, आणि नको वाटलं तर मध्येच थांबता येईल, हे चार मुद्दे आपल्या भाषेत सांगायचे आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांचं 'हो' त्यांच्या आवाजात घ्यायचं. इंग्रजी फॉर्मवर सही मागितली की समोरचा माणूस एकदम सरकारी होतो आणि शेवटपर्यंत तसाच बोलतो. कॉलेजला फॉर्म हवाच असेल तर तो काम झाल्यावर, मोठ्याने वाचून दाखवून भरा.

बसायची जागा बघून घ्या. आम्ही मोटर बंद करून मागच्या बाजूला, उसाच्या मोळ्या आणि गोणपाटांच्या मध्ये बसलो. उघड्या भिंतीला आपटून येणारा घुमारा तिथे मोळ्या खाऊन टाकतात, फुकटचा स्टुडिओ.

माझा पहिला प्रश्न होता, "या व्यवसायात तुम्हाला कसं वाटतं?" उत्तर आलं, "बरं वाटतं." झालं. दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलले. सकाळी उठल्यापासून सांगा. पहिलं गिऱ्हाईक कोण येतं? घुंगरू तुटलं तर कुठून आणता? पाऊस लागला की कुठे जाता? कृतीबद्दल विचारलं की माणूस आठवायला लागतो आणि आठवताना आवाज बदलतो. तुमचा प्रश्न नंतर कापला जाणार असेल तर त्यांना आधीच सांगा, की 'घुंगरू आम्ही अमक्याकडून आणतो' असं पूर्ण वाक्य बोला. आणि स्वतः 'हो का', 'अच्छा', 'हं' अजिबात करायचं नाही. मान हलवा. माझ्या पहिल्या मुलाखतीत मामांच्या प्रत्येक वाक्यावर माझा हुंकार आहे, कीर्तनात टाळकरी असल्यासारखा.

सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे उत्तर संपल्यावर मनात चार आकडे मोजायचे. घुंगराचा प्रश्न विचारल्यावर मामा म्हणाले, "आमच्या वडलांच्या टायमाला लाकडी चरक होता. बैल फिरायचा गोल. त्याच्या गळ्यात घुंगरं. लांबनं कळायचं गावाला, रस चालू झाला म्हणून. मग मोटर आली. बैल गेला." मी पुढचा प्रश्न विचारणारच होते. एक, दोन, तीन. "मोटरला काय गळा असतो का? मग चाकाला बांधली."

हे वाक्य मिळाल्यावर मला बाकीचं काही नसतं मिळालं तरी चाललं असतं. पण पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या रसवंतीवाल्यांनी याच प्रश्नावर खांदे उडवले: "वाजलं की गिऱ्हाईक बघतं. दुसरं काय!" मी दोघांनाही ठेवलं. घुंगराचा इतिहास लिहायला मी निघाले नव्हते, आणि निवेदनात 'या प्रथेचा उगम असा' असं छातीठोक म्हणायचा मला हक्कही नव्हता.

पायरी ६: कात्री कागदावर चालवा

बावीस मिनिटांचं बोलणं लिहून काढायला मला तीन तास लागले. आवाजावरून टायपिंग करणारी सोय प्रमाण मराठीला बरी आहे, पण मामांच्या 'चिपाडा'चं तिने 'किवाड' केलं. हाताने लिहा. प्रत्येक ओळीपुढे मिनिट-सेकंद टाका. मग लाल पेनने फक्त त्या ओळी खुणावा ज्या ऐकताना तुमचा हात लिहायचा थांबला होता. माझ्या अकरा निघाल्या.

त्या अकरा ओळींच्या आणि निवडलेल्या आवाजांच्या चिठ्ठ्या कापून मी कॉटवर मांडल्या. हिशेब असा: एकूण ३०० सेकंद. त्यात मामा जास्तीत जास्त १५०, माझं निवेदन ४०, उरलेलं सगळं नुसत्या आवाजांना. आवाजांना जागा ठेवली नाही तर ध्वनिपट होत नाही, मागे गोंगाट असलेली मुलाखत होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांचं तेच झालं. माझ्या पहिल्या मांडणीचंही.

दुसरी चूक म्हणजे घुंगरू पहिल्या सेकंदाला होतं. रूममेट म्हणाली, "कळलं की, रसवंती. पुढे?" म्हणून शेवटच्या मांडणीत सुरुवात कोयत्याच्या खरखरीने केली. मग मोळीचा दणका, बर्फ, ग्लास, आणि मामांचं सकाळचं वर्णन. मोटर चालू होते एक मिनिट दहा सेकंदांनी, आणि घुंगरू तिच्याबरोबर. तोवर ऐकणाऱ्याला जागा अर्धवट कळलेली असते. खुणेचा आवाज उशिरा खर्च करा.

पायरी ७: ऑडॅसिटीत

ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. उघडायच्या आधी चार फोल्डर करा: कच्चं, निवडलेलं, मिक्स, अंतिम. कच्च्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे, पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर. कच्च्याला पुन्हा हात लावायचा नाही. प्रोजेक्टचा रेट ४८००० ठेवा. विंडोजवर आयफोनची एमफोरए फाइल उघडत नसेल तर एफएफएमपेग नावाची जोडणी वेगळी टाकावी लागते.

चार ट्रॅक पुरतात: मामा, मी, जवळचे आवाज, मागचा आवाज. बोलण्याच्या ट्रॅकला ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावला की खालची घरघर जाते. तोच फिल्टर चरकाला लावू नका. चरकाचं वजन तिथेच असतं. गोंगाट कमी करायचा असेल तर नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा, मग पूर्ण ट्रॅकवर ६ ते ९ डेसिबलने कमी करायचं. मी उत्साहात २४ केलं. मामा विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखे झाले.

काप घेताना श्वास अर्ध्यात तोडू नका; एक तर पूर्ण ठेवा, नाही तर पूर्ण काढा. प्रत्येक सांध्यावर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढवायचा, आणि खाली शांततेची टेक सलग पसरलेली. नव्या प्रसंगाचा आवाज बोलणं संपायच्या दोन सेकंद आधी सुरू करा. 'बैल गेला' च्या खाली मोटरची पहिली गुरगुर हळूच सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे काहीतरी होतंय. मागचा आवाज बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबलने खाली ठेवा. तुम्हाला शब्द पाठ झालेले असतात म्हणून तुम्हाला तो जास्त चालतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नाही.

शेवटी एकूण मोठेपणा. पॉडकास्टसाठी स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक) आणि मोनोला उणे १९ हे माप सर्रास वापरतात. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीपासून उणे २३ भरलेलं असतं, ते बदला. त्यानंतर घुंगराची टोकं उणे १ डेसिबलच्या वर जात असतील तर लिमिटर लावा, तो आवाजाला ठरलेल्या पातळीवर अडवतो. जमा करायला वेव्ह, मित्रांना पाठवायला १९२ केबीपीएसची एमपीथ्री. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

एकदा इअरफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा ज्या खोलीत वाजणार तिथे ऐकून बघा. फोनच्या स्पीकरवर माझी मोटर चक्क गायब झाली. त्याला तेवढा खालचा सूर काढताच येत नाही. मोटरसोबत अगदी जवळच्या टेकमधली खडखड मिसळली, मग ती तिथेही आली.

स्वतःचा आवाज

निवेदन मी रात्री, पंखा बंद करून, गोधडी डोक्यावर घेऊन वाचलं. मार्च महिना. दोघी रूममेट हे सगळं बघत होत्या, त्याबद्दल त्यांचे आभार. गोधडीचा उपयोग खरा आहे, खोलीचा घुमारा जातो.

आपला रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला परका आणि पातळ वाटतो, कारण एरवी आपण तो हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकतो. फोनमध्ये फक्त हवेतला येतो. बाकीचे तुमचा तोच आवाज रोज ऐकतात, तेव्हा त्यापायी टेक वाया घालवू नका. टेक वाया घालवायच्या तर शब्दांसाठी घालवा. मी लिहिलं होतं, 'घुंगरांचा मंजुळ नाद मनाला भूतकाळात घेऊन जातो.' गोधडीखाली ते मोठ्याने म्हणताना मलाच हसू आलं. त्याजागी वहीतली एसटी स्टँडची ओळ जशीच्या तशी वाचली. जे वाक्य मैत्रिणीशी बोलताना तोंडात येणार नाही, ते निवेदनातून काढा.

गाणं टाकू का?

नका टाकू. शेवटी एखादं जुनं गाणं लावलं की पाच मिनिटांची सगळी भावना त्या गाण्याची होते, तुमची राहत नाही. कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि शब्द व चाल यांवरचा हक्क त्या-त्या रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही. शिकवण्याच्या कामासाठी कायद्यात सवलती आहेत, पण तोच ध्वनिपट उद्या महोत्सवाला पाठवला की तो वर्गाबाहेर गेला. एखादा आवाज राहूनच गेला असेल तर फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवर शोधा. तिथे प्रत्येक फाइलची अट वेगळी असते, कुठे श्रेय द्यावं लागतं, कुठे व्यावसायिक वापर चालत नाही. ती वाचून, वहीत लिहून मगच उतरवा. मी एकही घेतला नाही. दुसऱ्या कुठल्या चरकाचा आवाज मामांच्या चरकाला कसा लावणार?

जमा करताना

सोबतच्या टिपणात बहुतेक जण ध्वनिपटाची गोष्ट पुन्हा सांगतात. ती तर ऐकणारा ऐकणारच आहे. टिपणात निर्णय लिहा: काय काढलं आणि का. मामांचा मुलगा आयटीआय करतो आणि त्याला चरकावर बसायचं नाही, हे सांगतानाचं पन्नास सेकंदांचं बोलणं मी काढलं, कारण त्यानंतर मामा म्हणाले होते, "हे तेवढं नको टाकू, तो ऐकेल." होकार रेकॉर्ड केलेला होता, पण नंतरचा नकार मोठा. ते पन्नास सेकंद काढल्याचं मी टिपणात लिहिलं, त्यात काय होतं ते नाही; आणि इथे लिहायच्या आधी मामांना विचारलं, ते हसून म्हणाले, "आता त्यालाच माहितीये."

तयार झालेला ध्वनिपट ज्याचा आहे त्याला जमा करायच्या आधी ऐकवा. मी भर दुपारी फोन घेऊन गेले, ही शेवटची चूक. चरक चालू, समोर सहा गिऱ्हाइकं. मोटर बंद करा म्हणायची सोय नव्हती. मग एक इअरफोन त्यांच्या डाव्या कानात घातला, उजवा कान गिऱ्हाइकांकडे. उजव्या हाताने चिपाड दुमडत ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. तीन मिनिटांनी कपाळाला आठी घालून माझ्याकडे वळले.

"हा दोन हाफ, दोन हाफ कोण ओरडतोय गं मधीच?"

"तुम्हीच, मामा."

"मी?" त्यांनी ऊस चरकात घातला. "एवढा ओरडतो मी?"